अकरा लाल, अकरा पांढरे

नोव्हेंबरच्या त्या शनिवारी सकाळी सातलाच लायल कुबिकच्या स्वयंपाकघरात सामना सुरू झाला होता. टेबलावर अकरा दाणे लाल राजम्याचे, अकरा पांढऱ्या घेवड्याचे. लाल म्हणजे वालेन कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघाची पोरं, पांढरे म्हणजे चाळीस मैलांवरच्या ग्रॅडनची. लायल एकेक दाणा बोटाने सरकवायचा, डोळे बारीक करायचा, पुन्हा जागेवर आणायचा. कॉफी केव्हाच गार झाली होती.

"कोण जिंकतंय?" त्याच्या बायकोने, जनेलने विचारलं.

"आपण. पण हा मधला पांढरा मला आवडत नाहीये. उभा एकीकडे राहतो, मनात दुसरीकडेच असतो."

"मग त्याला सगळ्यात आधी शिजवते. आटप लवकर, सगळ्यांनाच चिलीच्या रश्श्यात जायचंय."

तिच्या मागे खिडकीवर टाचण्यांनी टोचलेली चादर होती. झोपायच्या खोलीत दुसरी, बैठकीत तिसरी. चोवीस वर्षांत अकरा घरं झाली, आणि एका घराच्या खिडकीचं माप दुसऱ्या घराच्या खिडकीला कधी लागलं नाही. तिसऱ्या घरानंतर जनेलने पडदे घेणंच सोडलं. "मी कापड पसंत केलं रे केलं की तुझ्या साहेबाची नोकरी जाते," असं ती चारचौघांत हसत सांगायची. लायलही हसायचा. पण सकाळचं ऊन चादरीतून फिकट, आजाऱ्यासारखं आत यायचं, तेव्हा त्याला हसू यायचं नाही.

या धंद्याची रीतच तशी. मुख्य कोच हरत राहिला की त्याला काढतात, आणि त्याच्यासोबत त्याची सहायक कोचांची अख्खी फौजही सामान बांधते. लायल सहा वेळा असा निघाला होता. एकदाही स्वतःच्या चुकीने नाही. स्वतःच्या चुकीने तरी जायला मिळावं, असं त्याला अलीकडे वाटू लागलं होतं.

सुरुवात झाली कॅन्ससमध्ये. शिकत शिकत कोचला मदत करायची, त्या बदल्यात फी माफ. मदत म्हणजे नव्वद पोरांचे घामट कपडे धुवायचे आणि ते वाळत असताना त्याच खोलीत, वाळवणयंत्राच्या उबेला झोपायचं. एका शनिवारी वर बसणारा सहायक तापाने पडला आणि कुणी मिळेना म्हणून लायलला गॅलरीच्या माथ्यावरच्या काचेच्या खोलीत पाठवलं. कानाला हेडफोन लावला, खाली पाहिलं, आणि त्याच्या अंगावर काटा आला. जमिनीवरून जी नुसती झोंबाझोंबी वाटायची तिला वरून आकार होता. दर खेपेला एक नक्षी मांडली जात होती आणि सहा सेकंदांत मोडत होती. त्याने भीत भीत खाली कळवलं, "त्यांचा डावीकडचा गडी धावण्याआधी खांदा पाडतो." पुढच्याच खेपेला त्यांच्या संघाने चाळीस यार्ड मारले. खालून मुख्य कोच ओरडला, "वर कोण बसलंय रे? त्याला तिथून हलू देऊ नका!"

आणि खरंच कुणी हलू दिलं नाही. साउथ डकोटा, टेक्ससमध्ये दोन ठिकाणी, मॉन्टाना, ओहायो, शेवटी नेब्रास्कातलं हे वालेन. गावं बदलली, काच तीच राहिली. मुख्य कोचच्या जागेसाठी तो तीनदा मुलाखतीला गेला. तीनदाही हात दाबून तेच सांगितलं गेलं, "तुम्ही वरच फार छान आहात हो." स्तुतीने माणूस जागच्या जागी कसा खिळून राहतो, हे लायलइतकं कुणाला ठाऊक नव्हतं.

मग यंदा ऑक्टोबरात वालेनच्या मुख्य कोचच्या छातीत कळ आली आणि डॉक्टरांनी त्याला मैदानावर पाय ठेवायची बंदी केली. मोसमाचे तीन सामने उरले होते. कॉलेजच्या क्रीडा विभागाच्या प्रमुख ट्वायला ओस्टरगार्ड यांनी लायलला बोलावून घेतलं.

"तीन सामने तुमचे," त्या म्हणाल्या. "शेवटचा ग्रॅडनशी. ती सीट नऊ वर्षं त्यांच्याकडे आहे. आणलीत तर खुर्ची तुमची. नाहीतर माझ्या ड्रॉवरमध्ये इतर नावांची यादी आहे."

सीट म्हणजे जुन्या ट्रॅक्टरची लोखंडी सीट. दोन्ही कॉलेजं दरवर्षी तिच्यासाठी भांडतात. गंजलेली, भोकाभोकांची. वालेनमधल्या म्हाताऱ्यांना ती पुन्हा एकदा पाहून मरायचं होतं.

"आणि लायल, एक सांगते. लोकांना कोच दिसायला हवा. कडेच्या रेषेवर, ताठ उभा. तुम्हाला चोवीस वर्षांत कुणी पाहिलेलंच नाही."

पहिला सामना हरला, दुसरा कसाबसा जिंकला. आज तिसरा. लायलने दाणे गोळा करून जनेलच्या ओंजळीत टाकले.

"हरलो तर?" तो म्हणाला.

"तर चादरी धुवायला झाल्यात, धुऊन घेते. जा आता."

*

दुपारी तीनला पहिला अर्धा डाव संपला तेव्हा फलकावर वालेन शून्य, ग्रॅडन सतरा असं होतं.

आणि ते सतरासुद्धा कमीच होते. लायल रेषेवर उभा होता, ताठ, सांगितल्याप्रमाणे. चार हजार लोकांना तो छान दिसत होता. त्याला मात्र काही दिसत नव्हतं. समोर पाठी. ओल्या, वाफाळणाऱ्या, दारासारख्या रुंद पाठी. हाडावर हाड आपटल्याचा आवाज, गवताचा आणि मलमाचा वास, थंडीत नाकातून सुटणारं पाणी. खेळ दहा पावलांवर चालला होता आणि तो त्याच्यापासून कधी नव्हता इतका लांब होता. चार संधींत दहा यार्ड पुढे जायचं, नाहीतर चेंडू समोरच्यांना द्यायचा. वालेनने सात वेळा चेंडू देऊन टाकला.

त्यातही कहर झाला तो चारपैकी दुसऱ्या सत्रात. पंचाने चूक झाल्याचं पिवळं फडकं फेकलं. मैदानात लाल गडी बारा.

बारा! चोवीस वर्षं जो माणूस वरून बसून अकरा मोजत आला, ज्याने सहा कॉलेजांच्या मुख्य कोचांना "थांबा, बारा झालेत" म्हणून वाचवलं, त्याने स्वतःच बारावा आत ढकलला होता. समोर जी पाठ उभी होती ती आतल्या गड्याची की बाहेरच्या, हेच त्याला कळलं नव्हतं. गॅलरीतून कुणीतरी ओरडलं, "कोच, आणखी एक बोलाव! डझन पुरं झालं, एक वर फुकट!"

विश्रांतीच्या खोलीत पोरं माना खाली घालून बसली होती. लायलने भाषण केलं नाही. त्याने फेटूला कोपऱ्यात ओढलं. फेटू म्हणजे पुढच्या फळीचा कोच, सामोआ बेटांवरचा, दारात उभा राहिला की दार दिसत नाही असा. त्यांची मैत्री टेक्ससपासूनची.

"मी वर जातोय," लायल म्हणाला.

"वर म्हणजे? देवाकडे?"

"काचेच्या खोलीत. खाली तू उभा राहा. मी सांगेन ते पोरांना दे."

फेटूने त्याच्याकडे बघितलं. "मुख्य कोच वर बसणार? मग इथे शिव्या कोण खाणार?"

"तू."

"बरं. माझं पोट मोठंच आहे." मग त्याचा आवाज उतरला. "लायल, ओस्टरगार्डबाईंनी काय सांगितलंय ते आठवतंय ना? दिसायला हवास म्हणून? वर गेलास आणि हरलास, तर या राज्यात तुला कुणी पाणी पाजायला ठेवणार नाही."

"खाली राहिलो तर हरणारच आहे. फक्त छान दिसत हरेन."

त्याने चेंडू हाताळणाऱ्या ब्रेटनच्या हेल्मेटवर टपली मारली. ब्रेटन वीस वर्षांचा, ओठावर रक्त सुकलेलं. गेले तीन गुरुवार तो जनेलच्या टेबलावर बसून दाणे सरकवायला शिकला होता आणि जाताना दोन वाट्या चिली, वर दालचिनीचा रोल हाणून गेला होता.

"ब्रेटन, चेहरे विसर. ते काय बोलतात तेही विसर. दाणे बघ."

"हो, कोच."

*

एकसष्ट पायऱ्या. लायल धावतच चढला. शेवटच्या वळणावर दोरी आडवी बांधलेली, आणि दोरीमागे घडीच्या खुर्चीवर मिस्टर टीट्झ. वय एक्याऐंशी, टोपी लाल, मांडीवर घोंगडी.

"पास?"

"मिस्टर टीट्झ, मी आहे. लायल."

"दिसतंय मला. पास?"

लायलने छाती चाचपली. पास आज सकाळी त्याने स्वतःच काढून वर बसणाऱ्या सहायकाच्या गळ्यात घातला होता. आपण आता खालचे, म्हणून. मोठ्या थाटात.

"पास नाहीये. दोन मिनिटांत सामना सुरू होतोय. सोडा ना!"

"पोरा, चार वर्षांपूर्वी इथे उभं राहून मला कोण म्हणालं होतं, 'सामना चालू असताना कुणालाही वर सोडायचं नाही, माझी आई आली तरी नाही'?"

"मी."

"आणि 'मुख्य कोच स्वतः आला तरी नाही' हे कोण म्हणालं होतं?"

"मीच! पण आता मुख्य कोच मीच आहे!"

"तेच म्हणतोय मी. म्हणजे नियम तुलाच लागतो."

खाली बँड वाजू लागला. पोरं मैदानाकडे निघाली होती. लायलच्या तोंडून एक शिवी सुटली, आणि त्याने ती अर्ध्यातच गिळली, कारण म्हातारा हसत होता.

"गेल्या वर्षी मी कॉलेजच्या अध्यक्षांना परत पाठवलं," मिस्टर टीट्झ म्हणाले. "तुझा नियम मोडणं माझ्याच्याने होणार नाही. पण माझ्या बुटाची नाडी सुटलीये. या वयात ती बांधायला वाकलो की बराच वेळ मला काही दिसत नाही."

ते वाकले. बुटांना नाड्या नव्हत्याच. लायल दोरीवरून उडी मारून गेला.

*

काचेची खोली. तीच हीटरची घरघर, तीच करपलेली कॉफी. सहायकाने खुर्ची सोडली. लायलने हेडफोन चढवला, खाली पाहिलं, आणि त्याचा श्वास परत आला. होते सगळे. अकरा लाल, अकरा पांढरे.

"फेटू, ऐकतोयस?"

"ऐकतोय. तुझं नाव घेऊन लोक काय काय म्हणतायत तेही ऐकतोय."

"त्यांचा उजवा टोकाचा गडी लंगडतोय. तिथूनच घुसव."

तिथूनच घुसवलं. सहा यार्ड. अकरा यार्ड. नऊ. आठव्या खेपेला लाल दाणा रेषेपलीकडे गेला. सहा गुण, वर किकचा एक. गॅलरी उठून उभी राहिली. सात–सतरा.

दारावर टकटक झाली. ट्वायला ओस्टरगार्ड. शेजारच्या खोलीत त्या कॉलेजच्या बड्या पाहुण्यांना घेऊन बसल्या होत्या. अंगात लाल कोट, चेहरा पांढरा.

"लायल, तुम्ही इथे?"

"हो, मॅडम."

"मला सात माणसं विचारतायत, कोच पळून गेला का?"

"त्यांना सांगा, भिंतीपलीकडे बसलाय." त्याने मान वळवली नाही. "मॅडम, खाली मी आंधळा असतो. जी काय शिक्षा द्यायची ती तासाभराने द्या. फेटू, आता डावीकडून, मधला पांढरा पुढे आलाय!"

 दार लागल्याचा आवाज झाला. त्या आत थांबल्या की बाहेर गेल्या, हे पाहायला लायलला फुरसत नव्हती.

चौथं, शेवटचं सत्र संपायला नऊ मिनिटं उरली असताना ब्रेटनने लांब, उंच चेंडू फेकला. कापणी झालेल्या मक्याच्या रानावर मावळतीचं तांबूस ऊन पसरलं होतं, आणि चेंडू त्या उजेडातून असा गेला की चार हजार माना त्याच्यामागे वळल्या. तो एका लाल गड्याच्या छातीत विसावला. चौदा–सतरा. काचेची खोली हादरू लागली. शेजारच्या खोलीत बडी माणसं पाय आपटत होती.

शेवटची दोन मिनिटं. चेंडू वालेनकडे, ऐंशी यार्ड जायचं. लायलच्या तोंडातून वाक्यं निघेनाशी झाली, नुसते शब्द. "डावा. आखूड. पुन्हा. कड धर, घड्याळ थांबव. उजवा. खोल." खाली फेटू हातवारे करत, उड्या मारत, एवढा डोंगर माणूस बाहुलीसारखा नाचत ते शब्द पोरांपर्यंत पोचवत होता. साठ. पंचेचाळीस. बावीस. चार.

चार यार्ड. सहा सेकंद. एकच खेळी.

"किक मारली तर तीन," फेटू धापा टाकत म्हणाला. "बरोबरी. जादा वेळ मिळेल. काय करू?"

लायलने काचेवर तळवे टेकले. बरोबरी म्हणजे आणखी वेळ, आणि थकलेल्या पायांवर थकलेली पोरं. "जायचं. मधून. आखूड फेक."

खुणा झाल्या. दोन्ही फळ्या वाकल्या. आणि तेव्हा तो हलला. मधला पांढरा. सकाळपासून न आवडलेला. दोन पावलं डावीकडे, अगदी जिथे चेंडू पडणार होता तिथेच. त्याच्या जुन्या जागी मोकळं गवत.

"थांबवा!" लायल किंचाळला. "टाइमआउट! एक शिल्लक आहे, टाइमआउट घ्या!" त्याने काचेवर मूठ हाणली. पंच खाली, शंभर यार्ड लांब होता. मुख्य कोचने रेषेवरून मागितलं तर पंच ऐकतो, आणि मुख्य कोच रेषेवर नव्हता.

"मी मागितलेलं तो धरत नाही!" फेटू ओरडला. "ब्रेटन! ब्रेटन, इकडे बघ!"

ब्रेटनने बघितलं नाही. चार हजार माणसांच्या कोलाहलात त्याला काही ऐकू येणं शक्य नव्हतं. लायलने हेडफोन गळ्यावर ओढला. आता त्याच्या हातात काही नव्हतं. टेबल नव्हतं, बोट नव्हतं. चोवीस वर्षं तो दाणे सरकवत आला होता, आणि आता एक दाणा त्याच्याविना उभा होता.

त्या दाण्याने मान वर केली. हळूच डावीकडून उजवीकडे पाहिलं, जणू टेबलावर वाकून पाहावं तसं. मग हेल्मेटवर दोनदा थाप मारली. खेळी बदलली, अशी ती खूण.

"बघितलं," लायल पुटपुटला. "त्याने बघितलं. फेटू, त्याने बघितलं!"

चेंडू ब्रेटनच्या हाती आला. त्याने फेकल्यासारखं केलं, पांढरा डावीकडे झेपावला, आणि ब्रेटन खांदा खाली घालून त्या मोकळ्या गवतातून स्वतः धावत सुटला. तीन यार्ड, दोन, एक. कुणीतरी त्याचा पाय धरला. तो पडला तो पलीकडे पडला.

वीस–सतरा. घड्याळावर शून्य.

लायलला नंतर आठवलं ते एवढंच की तो सहायकाला मिठी मारून उभा होता आणि कॉफीचा कप कुणाच्या तरी बुटात सांडला होता. मग त्याला समोरच्या कोचशी हात मिळवायचा असतो हे आठवलं. तो खाली धावायला दाराशी आला, तर एकसष्ट पायऱ्यांवरून गडगडाट वर येत होता.

रीत अशी की जिंकल्यावर कोचच्या डोक्यावर थंडगार पाण्याचं पिंप ओततात. खाली कोच नव्हता, म्हणून पोरं पिंपच वर घेऊन निघाली होती. नारिंगी पिंप, बर्फासकट, सहा जणांच्या हातात. पुढे ब्रेटन, मागे फेटू धापा टाकत. दोरीपाशी आवाज आला, "पास?"

 मग पिंप किंचित कललं आणि पहिलं पाणी मिस्टर टीट्झ यांच्या टोपीवर पडलं. "हा चालेल," ते म्हणाले, आणि दोरी सोडली.

उरलेलं सगळं लायलच्या डोक्यावर आलं. बर्फाचा एक तुकडा कॉलरमधून पाठीत गेला आणि तो लहान पोरासारखा किंचाळला.

"कोच," ब्रेटन दात वाजवत हसत म्हणाला, "मधला पांढरा हलला."

"दिसलं मला."

"मलाही दिसलं."

ग्रॅडनचा कोच भला माणूस. तो मैदानाच्या मधोमध वीस मिनिटं वाट बघत थांबला. लायल ओलाकच्च खाली पोचला तेव्हा हात मिळवताना म्हणाला, "कुबिक, मी समजलो तू घरी गेलास. दुसऱ्या अर्ध्यात कुणीतरी माझ्या खिशात हात घातलाय असं सारखं वाटत होतं."

लोखंडी सीट एव्हाना म्हाताऱ्यांच्या हातांवरून फिरत होती. कुणी ती चुंबत होतं, कुणी गंज कोटाला पुसत होतं. शेवटी ती ट्वायला ओस्टरगार्ड यांच्या हाती आली. गर्दी बाजूला झाली. लायलच्या भुवयांवर पाणी गोठू लागलं होतं.

"मी तुम्हाला दिसायला सांगितलं होतं," त्या म्हणाल्या.

"हो, मॅडम."

"तुम्ही दिसला नाहीत."

"नाही, मॅडम."

त्यांनी सीट फेटूच्या हातात दिली. "ही वर न्या. काचेच्या खोलीत बसवा. तिथली खुर्ची फार डुगडुगते असं मघाशी पाहिलं मी, आणि आमच्या कोचला पुढची बरीच वर्षं तिथे बसायचंय."

फेटूने डरकाळी फोडली. 

*

घरी पोचेपर्यंत त्याचा कोट पत्र्यासारखा कडक झाला होता. गाडीत तो अखंड बोलत होता, एकेक खेळी, एकेक यार्ड. जनेल गाडी चालवत हं हं करत होती. घरात शिरताच चिलीचा वास आला. सकाळचे बावीसही गडी पातेल्यात एकमेकांत मिसळून गेले होते.

"कोट काढू का आधी?"

"नंतर," जनेल म्हणाली. तिने स्वयंपाकघराच्या खिडकीवरची चादर एका झटक्यात ओढली, तशा टाचण्या फरशीवर टपटप पडल्या. ओट्याच्या ड्रॉवरमधून तिने मापं घ्यायचा पिवळा टेप काढला आणि एक टोक त्याच्या गोठलेल्या बोटांत दिलं.

"हे धर. आणि हलू नकोस."